हौदाचं पाणी, सकाळी साडेअकरा आणि पहाटे सहा : प्रकल्प नोंदी

तृतीय वर्ष प्राणिशास्त्राच्या प्रकल्पासाठी आम्ही चौघींनी मुंबईतल्या आमच्या कॉलेजच्या आवारातला, वनस्पतिशास्त्र विभागामागचा कमळांचा हौद घेतला. त्याच्या पाण्यातला ऑक्सिजन आणि त्यात राहणारे जीव मोजायचे होते. आणखी कुणाला आपल्या आवारात हेच करायचं असेल, तर वहीतल्या नोंदी जरा नीट लावून देत आहोत. परिसंस्था म्हणजे काय, अन्नसाखळी म्हणजे काय, ते पुस्तकात वाचा.

१ जुलै २०२५, मंगळवार

पर्याय दोन होते : पर्जन्यवृक्षाखालचा पालापाचोळा किंवा हौद. पाचोळा झाडूवाल्या मावशी रोज सकाळी गोळा करून नेतात, त्यामुळे हौद.

टेप आणि बांबू घेऊन मापं काढली. लांबी ५ मीटर, रुंदी साडेतीन, मध्यभागी पाणी ८५ सेंमी. म्हणजे १५ हजार लिटरच्या आतबाहेर. कठडा जमिनीपासून ५५ सेंमी वर आहे. हे माप कशाला लिहितोय असं वाटलं होतं, पण पुढे त्यावरच सगळं अडलं. पूर्वेला तीन मजली इमारत, त्यामुळे ऊन साडेनऊच्या पुढेच पाण्यावर येतं. पाणी हिरवं, मटारच्या सालांच्या रसासारखं. कमळं थोडी, गप्पी मासे भरपूर.

मोजमापापेक्षा माळीकाकांशी मारलेल्या अर्ध्या तासाच्या गप्पा जास्त कामाच्या निघाल्या. हौद शेवटचा एप्रिलमध्ये उपसला. पाणी नळाचं. गप्पी महापालिकेच्या डासवाल्यांनी सोडलेले. "औषध-बिषध काही टाकत नाही आपण, मासे आहेत ना." आणि शेवटी, "पोरींनो, हात घालताना बघून. मागच्या पावसात दिवड निघाली होती आत." दिवड बिनविषारी असते हे आम्ही त्यांना सांगितलं. "चावली की कळेल," म्हणाले.

तुमच्या हौदाबद्दल हे तीन प्रश्न आधी विचारा : कधी उपसला, पाणी कुठलं, आणि काही टाकता का. शेवटच्याचं उत्तर 'हो' असेल तर जागा बदला.

४ जुलै

सामान. विभागात प्लवकजाळी (पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून घ्यायची जाळी) होती, तिला उंदरांनी तीन भोकं पाडलेली. नवीनची किंमत ऐकून फोन ठेवला. लग्नपत्रिका छापणाऱ्या एका ओळखीच्यांकडून स्क्रीन प्रिंटिंगचं कापड मिळालं. त्यावर १२० नंबर होता, म्हणजे सेंटिमीटरला १२० धागे, म्हणजे भोक साधारण ५० मायक्रॉनच्या आसपास. रोटिफरांना, म्हणजे डोक्यावर फिरत्या चक्रासारखे केस असलेल्या सूक्ष्म प्राण्यांना, पुरतं. उरलेला तुकडा म्हणून १८० रुपयांत दिला. तोंडाला भरतकामाची प्लॅस्टिकची रिंग, शेपटाला औषधाची छोटी बाटली. लाकडी रिंग घेऊ नका, भिजून फुगते आणि स्क्रू फिरत नाही.

सेकी तबकडी (पाण्यात सोडून किती खोलीपर्यंत दिसते ते बघायचं, म्हणजे गढूळपणा कळतो) : २० सेंमीची मेलामाइनची बशी, काळे-पांढरे चार भाग रंगवलेले, खाली मोठा नट, वर सेंटिमीटरच्या खुणा केलेली दोरी. पीएचचं (पाणी आम्ल की अल्कली ते मोजायचं) पेन प्रिन्सेस स्ट्रीटवरून ६०० रुपयांना. सोबत ४, ७ आणि ९.२ या तिन्ही बफर गोळ्या घ्या. दुकानदार दोनच देत होता आणि आम्हाला ९.२ चीच गरज सगळ्यात जास्त पडली. ऑक्सिजन मोजायच्या ३०० मिलीच्या घट्ट बुचाच्या बीओडी बाटल्या रसायनशास्त्र विभागाकडून उसन्या. रसायनं विभागाची.

८ जुलै

पहिलं सॅम्पलिंग, प्रॅक्टिकलच्या वेळेत, साडेअकराला. तापमान २९. सेकी २२ सेंमी. पीएच ९.१. विरघळलेला ऑक्सिजन, विंकलर पद्धतीने (रसायनं घालून ऑक्सिजन बांधायचा आणि मग टायट्रेशनने मोजायचा), १३.८ मिलिग्रॅम प्रति लिटर.

इथे मॅडमनी वही परत केली. ३० अंशाच्या पाण्यात हवेतून फार तर साडेसातच्या आसपास ऑक्सिजन मावतो. शेवाळ दिवसा त्याच्या वर नेऊ शकतं, पण इतका वर?

जाळीचीही गंमत झाली. ५० लिटर गाळायचं ठरलं होतं. दुसऱ्या बादलीलाच कापड हिरव्या साईने बुजलं आणि पाणी वरून सांडायला लागलं. सांडलेल्या पाण्यातलं मोजण्यात काही अर्थ नव्हता, ते सॅम्पल टाकून दिलं. हिरव्या पाण्यात २० लिटर पुरे, तेही दोन-दोन लिटरच्या मगाने, मध्ये मध्ये जाळीला बाहेरून पाणी मारत.

१० जुलै

१३.८ चा घोळ सापडला. टायट्रेशनला ब्युरेटमधून ओततो ते सोडियम थायोसल्फेटचं द्रावण मागच्या वर्षीचं होतं. लेबलवर तीव्रता ०.०२५ नॉर्मल. पोटॅशियम डायक्रोमेटशी पडताळलं तर जेमतेम ०.०१९५ निघालं. हे द्रावण ठेवल्या ठेवल्या कमजोर होत जातं. कमजोर झालं की ब्युरेटमधून जास्त ओतावं लागतं आणि आकडा फुगतो. दुरुस्त केलेला आकडा १०.८. तोही जास्तच, पण हा शेवाळाचा म्हणता येतो.

यापुढे द्रावण दर आठवड्याला ताजं, तपकिरी बाटलीत, लेबलवर बनवल्याची तारीख. स्टार्चही ताजा, आणि तो अगदी शेवटी, पिवळा रंग फिका पडल्यावर घालायचा. आधी घातला तर निळा रंग जाता जात नाही.

१५ जुलै

सूक्ष्मदर्शकाखाली दिवसभर. फॉर्मॅलिनमध्ये टाकलेले रोटिफर सगळे अंग चोरून गोळा झालेले, पाय आत, चक्र आत. ओळखायचं कसं? मागच्या बॅचच्या एका ताईने फोनवर सांगितलं, "अगं, आधी सोडा घाल." दुकानातला साधा सोडा, चव नसलेला. गाळलेल्या पाण्यात तेवढाच सोडा ओतून दहा मिनिटं ठेवलं की कार्बन डायऑक्साइडने ते सुस्तावतात, अंग सैल सोडतात. मग फॉर्मॅलिन. फरक डोळ्यांना दिसतो. ब्रॅकिऑनस या रोटिफराचे पुढचे काटे आणि मागचा पाय स्वच्छ मोजता आले.

२० लिटर गाळून ४० मिलीत आणलं. सेजविक-राफ्टर या मोजणीच्या काचपेटीत १ मिली मावतं, त्यात ब्रॅकिऑनस ११२. म्हणजे ११२ गुणिले ४० भागिले २०, लिटरला २२४. सायक्लॉप्स, म्हणजे एका डोळ्याचे बारीक कवचधारी जीव, मोजकेच. मोइना आणि डॅफ्निया, म्हणजे पाणपिसवा, एकही नाही.

गप्पींनी मोठं-मोठं वेचून खाल्लं असणार, हा अंदाज. तपासायला सोय शेडमागेच होती : माळीकाकांचं निळं पिंप, तेच नळाचं पाणी, मासे नाहीत. त्यात मोइनाची नुसती झुंबड. डासांच्या अळ्याही. अशी तुलना आयती मिळाली म्हणून आम्ही खूश.

१८ जुलै

पिंप गेलं. डास निर्मूलनवाले आले, बॅटरी मारून अळ्या बघितल्या, पिंप उलटं केलं आणि माळीकाकांना चार शब्द सुनावून गेले. त्यांचं बरोबरच होतं, पावसाळ्यात उघडं पिंप म्हणजे डेंग्यूला आमंत्रण. पण तुलनेचं एकच सॅम्पल हातात राहिलं. एका सॅम्पलवरून अहवालात दावा करता येत नाही, त्यामुळे ते 'निरीक्षण' या सदरात टाकलं. माळीकाका दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत.

२२ जुलै

तळाचा गाळ. तळाचा गाळ उचलायचा ग्रॅब सॅम्पलर नाही. एक लिटरचा पत्र्याचा डबा बांबूला आडवा ठोकला आणि तळावरून ओढला. पहिला बांबू मोडला. गाळ दिसतो त्यापेक्षा जड असतो. चाळायला पिठाची चाळणी, घरून आणलेली, आता ती घरी न्यायची नाही असा हुकूम आहे.

गाळ काळा कुळकुळीत, कुजलेल्या अंड्याचा वास. चाळणीत राहिल्या त्या लालभडक अळ्या, कायरोनॉमस या डासासारख्या पण न चावणाऱ्या किड्याच्या, आणि केसासारखे ट्युबिफेक्स जंत. दोघांच्याही अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून लाल. ऑक्सिजन कमी असलेल्या जागी तगायची ती सोय. टाचणीची एकच अळी मिळाली, ती काठाच्या मुळांतली.

मग प्रश्न पडला. वरच्या पाण्यात १०.८ आणि तळाला हे? वॉचमनकाका कट्ट्यावर बसून आमचा चिखल बघत होते. म्हणाले, "सकाळी या की कधी. उजाडायच्या आधी सगळे मासे वर तोंड करून असतात. ऊन आलं की खाली जातात."

रोज रात्रपाळी करणाऱ्या माणसाने हे कितीतरी वेळा बघितलेलं. आम्ही मात्र टाइमटेबलप्रमाणे साडेअकराला येऊन साडेबाराला जाणार. गप्पीचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं. पृष्ठभागाला लागून जो पातळ थर हवेतून ऑक्सिजन घेतो, तेवढाच ते ओढत असणार.

२३ जुलै ते १ ऑगस्ट

या दिवसांत काम शून्य, पहाटे आवारात येऊ द्या म्हणून अर्ज तीन. गेट सातला उघडतं. सूर्योदय सव्वासहाला. "पहाटे मुलींना आवारात थांबवायची जबाबदारी कोण घेणार?" अर्ज विभागातून वर गेला, वरून शेरा मारून खाली आला, परत गेला. आमच्यातली एक अंबरनाथची. तिला सहाला पोचायचं तर पहाटे चारच्या गाडीला निघावं लागलं असतं. तिच्या आईने सरळ नाही म्हटलं, आणि आम्हालाही ते पटलं.

तोडगा प्रयोगशाळेतल्या मामांनी काढला. ते आवारातल्याच क्वार्टर्समध्ये राहतात. "बाटल्या भरून, त्यात ते दोन औषधं घालून ठेवायची ना? मी ठेवतो. तुम्ही आठला येऊन पुढचं करा."

हे चालतं. पहिली दोन द्रावणं, मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड-अझाइड, जागेवरच घातली की ऑक्सिजन साक्यात, म्हणजे खाली बसणाऱ्या चोथ्यात, बांधला जातो. बाटली बूच लावून, अंधारात, गळ्याभोवती पाणी राखून ठेवली तर काही तास थांबता येतं. आम्ल आम्हीच प्रयोगशाळेत घालणार. अझाइड विषारी आहे, त्यामुळे मामांना हातमोजे, आणि पिपेट तोंडाने अजिबात ओढायचं नाही.

२ ऑगस्ट

मामांबरोबर रंगीत तालीम. बाटली पाण्यात नुसती बुडवली की बुडबुडे गटगटत आत जातात आणि ऑक्सिजन वाढतो. म्हणून सलाईनची नळी. बांबूला १० सेंमी आणि ७० सेंमी खोलीवर एकेक नळी बांधली, दुसरं टोक बाटलीच्या तळाशी. पाणी चढायला बाटली हौदातल्या पाण्याच्या पातळीखाली हवी. आमचा हौद जमिनीपासून वर आहे, म्हणून बाटली जमिनीवर ठेवून काम होतं. हौद जमिनीत असेल तर हा उपाय चालणार नाही, बाजूला खड्डा किंवा हातपंप लागेल. बाटली भरली तरी नळी काढायची नाही, दोनतीन बाटल्या पाणी वाहून जाऊ द्यायचं.

मामांचा हात आमच्यापेक्षा स्थिर. बूच तिरकं लावून बुडबुडा बाहेर काढायची त्यांची पद्धत आता आम्हीही वापरतो.

५ ऑगस्ट

आठला पोचलो. मामांनी दोन्ही बाटल्या कपाटात, पाण्याच्या बीकरमध्ये उलट्या ठेवलेल्या. उजेडात धरल्या.

नेहमी या टप्प्यावर साका तपकिरी असतो, चहाच्या चोथ्यासारखा खाली बसतो. १० सेंमीच्या बाटलीत तो फिकट बिस्किटी होता. ७० सेंमीच्या बाटलीत जवळजवळ पांढरा, दह्याच्या निवळीत चोथा तरंगावा तसा. पांढरा म्हणजे बांधायला ऑक्सिजनच नाही.

पहिली शंका रसायनांवर. नळाचं पाणी बाटलीत घेऊन खळखळून हलवलं आणि तीच द्रावणं घातली. गडद तपकिरी. म्हणजे द्रावणं ठीक.

टायट्रेशन : वर १.४, तळाला ०.६. पीएच ७.४.

मग दिवसभर थांबलो, १० सेंमीवरचे आकडे असे : सकाळी ९ ला ३.९, दुपारी १२ ला ९.३, ३ ला ११.२ (पीएच ९.३), संध्याकाळी ६ ला ९.७, रात्री ९ ला ६.१. रात्रीचं वॉचमनकाकांच्या खुर्चीशेजारी, मोबाइलच्या उजेडात, मॅडम स्वतः थांबल्या.

तळाला ३ वाजताही ४.२ च्या वर गेला नाही. हिरव्या पाण्यात ऊन वरच्या वितीभरातच संपतं.

जे शेवाळ दुपारी ऑक्सिजन ओतत असतं, तेच रात्रभर श्वासात तो संपवत असतं, आणि त्याच्या जोडीला गाळातले जिवाणू. आमचे जुलैचे सगळे आकडे दिवसाच्या चढत्या भागातले. पुढच्या प्रत्येक तारखेला किमान दोन वेळा घ्यायच्या : सूर्योदयाआधी आणि दुपारी ३. साडेअकराची वेळ बंद.

१४ ऑगस्ट

ढगाळ आठवडा. ऑक्सिजन पहाटे ०.९, दुपारी फक्त ५.८. काही मेलेले गप्पी काठाला, बहुतेक मोठ्या माद्या. खंड्या कठड्यावर बसून होता, त्याची चंगळ.

२१ ऑगस्ट

१९ तारखेला मुसळधार पावसाने कॉलेजला सुट्टी, लोकलचे हाल. हौद काठोकाठ भरून वाहून गेला. आमचा पाऊसमापक, म्हणजे तळ सपाट केलेली पाण्याची बाटली, तीही भरून वाहिल्यामुळे आकडा गेला. कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन वेधशाळांच्या आकड्यांत एकाच दिवशी केवढा फरक असतो हे मुंबईकरांना माहीत आहे, म्हणून तर आम्हाला आवारातला आकडा हवा होता. मोठी बाटली ठेवा आणि रोज रिकामी करा.

आज सेकी बशी तळापर्यंत दिसते. हिरवं पाणी गटारातून गेलं. पहाटे ५.६, दुपारी ७.५. पीएच दोन्ही वेळा ७.५ च्या आसपास. रोटिफर लिटरला ३० वर आले.

२९ ऑगस्ट

काल क्वार्टर्समधल्या दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन हौदात झालं. शाडूचा, छोटा. पाणी दुधी, सेकी १४ सेंमी. मामा ओशाळले होते, "तुमचं काम बिघडलं काय?" बिघडलं नाही. (नंतरची भर : चौथ्या दिवशी शाडू बसला आणि सेकी परत पन्नाशीवर.) निर्माल्य तेवढं त्यांच्याच मुलीने जाळीने काढलं. ते राहिलं असतं तर कुजताना ऑक्सिजन खाल्ला असता.

१६ सप्टेंबर

पाणी परत हिरवं. सेकी ३१. पहाटे २.७, दुपारी १०.१. थेंबभर पाणी स्लाइडवर घेतलं तर मायक्रोसिस्टिस या निळ्या-हिरव्या शेवाळाच्या वसाहती, डोळ्यांनाही रव्याच्या कणांसारख्या दिसणाऱ्या. माळीकाकांनी मधल्या काळात कमळांना शेणखताच्या गोळ्या दिल्या होत्या. विचारलं तेव्हा सांगितलं, आम्ही आठवड्याने विचारलं.

३० सप्टेंबर

हौदावर पिवळट चतुरांचे थवे, दरवर्षी पाऊस ओसरताना मुंबईभर दिसतात तेच, 'पँटाला' जातीचे. माद्या पाण्याला शेपूट टेकवून अंडी घालत होत्या. सॅम्पल घ्यायला गेलेली तिघीजणी अर्धा तास नुसत्या बघत बसल्या. पहाटेचा आकडा १.९.

१० ऑक्टोबर

अहवाल. मार्गदर्शक सरांचं म्हणणं होतं की ऑक्सिजनची सरासरी द्या, तक्ता सुटसुटीत होईल. ५ ऑगस्टची सहा वेळांची सरासरी काढली तर ६.९ येते. म्हणजे झकास, निरोगी पाणी. त्याच दिवशी पहाटे मासे वर तोंड करून होते. सर थोडा वेळ वाद घालून मग म्हणाले, "बरं, दोन रकाने करा." तक्त्यात आता पहाट आणि दुपार वेगळे आहेत, आणि जुलैच्या साडेअकराच्या आकड्यांसमोर वेळ ठळक लिहिली आहे.

खर्च, आमच्या खिशातला : जाळी आणि रिंग २४०, पीएच पेन आणि बफर ७८०, नळ्या, हातमोजे, बशी, रंग, सोडा मिळून साधारण ५००, मोडलेल्या बांबूचे ६०. चाळणी धरलेली नाही.

१७ ऑक्टोबर

दिवाळीच्या सुट्टीआधी सामान पुढच्या बॅचसाठी प्राणिशास्त्राच्या कपाटात, खालच्या कप्प्यात ठेवलं. जाळी वाळवून, डांबरगोळ्यांसकट पत्र्याच्या डब्यात, उंदरांमुळे. टायट्रेशनचं उरलेलं द्रावण हौदात किंवा बेसिनमध्ये ओतलेलं नाही, लेबल लावलेल्या कॅनमध्ये आहे, ते रसायनशास्त्र विभाग नेणार. थायोसल्फेट ठेवलेलं नाही, ताजं बनवा. मामांना विचारलंय, डिसेंबरपासून पहाटेच्या बाटल्या भरायला ते तयार आहेत, फक्त थंडीत सूर्योदय सातच्या पुढे जातो, तेव्हा वेळ त्यांच्याशी आधी ठरवून घ्या.